एकट्यापुरती नाव

माझ्या आयुष्यातले बहुतेक निर्णय दुसऱ्यांनीच घेतलेले आहेत. शाळा कोणती ते वडिलांनी ठरवले, मुलगी कोणती पाहायची ते आत्याने ठरवले, बदली कुठे व्हायची ते जिल्ह्याच्या कचेरीने ठरवले. आणि माझ्या कादंबरीतली नायिका शेवटी मरणार की जगणार, हेसुद्धा प्रकाशकांनीच ठरवले. (ती जगली. म्हणूनच दुसरी आवृत्ती निघाली, असे त्यांचे म्हणणे आहे.) अशा माणसावर वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी स्वतः काही ठरवण्याची पाळी आली, तर त्याची कशी तारांबळ उडते, ते मी गेले वर्षभर अनुभवतो आहे.

त्या दुसऱ्या आवृत्तीचे पैसे गेल्या दिवाळीनंतर हाती आले. फार नव्हेत, पण जे येतील म्हणून कुणी धरले नव्हते, आणि म्हणून ज्यांच्यावर कुणी हक्कही सांगितला नव्हता, असे. मी घरात जाहीर केले, ‘‘या पैशांतून मी खाडीत फिरायला काहीतरी घेणार.’’

‘‘काहीतरी म्हणजे?’’ हिने विचारले.

तिथेच घोडे अडले.

आमचे गाव वाघोटणच्या खाडीच्या काठचे. विजयदुर्गाच्या किल्ल्यापाशी ही खाडी समुद्राला मिळते, आणि त्याच खाडीवर गिर्ये गावाजवळ आंगऱ्यांच्या काळातली दगडात खोदलेली गोदी आजही पाहायला मिळते. जिथे आरमाराची गलबते डागडुजीला येत, त्या पाण्याच्या काठावर जन्मलेल्या माणसाला होडीचे वेड असले, तर त्यात नवल ते काय? माझे वडील पलीकडच्या तीरावरच्या शाळेत मास्तर होते. फणसाच्या फळ्यांची त्यांची लहानशी होडी होती. सकाळी ती वल्हवत ते शाळेत जात, आणि संध्याकाळी परतताना गळ टाकून कालवणापुरते मासे घेऊन येत. कधी दोन काळुंदरे, कधी एखादी तांबोशी. पुढच्या फळीवर बसून पाणी उपसण्याचे काम माझ्याकडे असे. ते निवृत्त झाले तशी होडीही निवृत्त झाली. अंगणातल्या फणसाखाली ती पालथी पडली. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालू लागल्या. पुढे एका पावसाळ्यात तिचा तळ खचला, आणि तिची शेवटची फळी आईने न्हाणीच्या चुलीत घातली. त्या पाण्याने अंघोळ करताना वडील काही बोलले नाहीत. पण अंघोळीला त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला, एवढे मला आठवते.

तेव्हा ‘काहीतरी’ म्हणजे होडीच, असे माझ्या मनात पक्के होते. पण नाताळच्या सुटीत पुण्याहून भाचा आला आणि त्याने सगळा घोटाळा केला.

‘‘मामा, होडी कसली घेता? कयाक घ्या कयाक!’’

मला वाटले, हा एखाद्या औषधाचे नाव सांगतो आहे. त्याने आपल्या फोनवर चित्र दाखवले. दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये बसायला खोलगा असलेली, पिवळ्याधमक रंगाची एक वस्तू पाण्यावर तरंगत होती, आणि तिच्यात बसलेल्या माणसाच्या हातात दोन्ही टोकांना पाती असलेले एकच लांब वल्हे होते. माणसाच्या मागे गळाच्या काठ्या उभ्या करायला भोके होती, पुढे मासे ठेवायला झाकणाचा कप्पा होता. ‘‘ही खास मासे धरण्यासाठीची. दहा-बारा फूट लांब, वजन तीस किलोच्या आसपास. एकटा माणूस ओढून नेऊ शकतो. बुडत नाही, कुजत नाही, तेल मागत नाही, डांबर मागत नाही.’’ शेवटचे वाक्य त्याने माझ्या डोळ्यांत पाहून म्हटले: ‘‘आणि मामा, हिच्यात दुसरे कुणी बसूच शकत नाही.’’

भाचा हुशार आहे. मामाची दुखरी नस त्याला नेमकी ठाऊक आहे. दिवसभर वर्गात चाळीस मुले, संध्याकाळी ओटीवर गाव, रात्री घरचे. कादंबरी लिहिण्यासाठी मला जी शांतता लागते, ती गेल्या वीस वर्षांत मी फक्त पहाटे चार ते सहा या वेळात, तीही डास मारीत, भोगलेली आहे. दुसरे कुणी बसूच शकत नाही! केवढे सुख!

तो मला तारकर्लीला घेऊन गेला. तिथे कर्ली नदीच्या पात्रात पर्यटकांसाठी या कयाका भाड्याने मिळतात. अंगात जीवरक्षक जाकीट चढवून मी त्या पिवळ्या वस्तूत बसलो, आणि पहिल्याच क्षणी घाबरलो. कारण बसल्या जागी तळातून पाणी वर आले! भाचा काठावरून हसत होता. मग त्याने सांगितले, की ती भोके मुद्दामच ठेवलेली असतात. कयाकचा डबा आतून पोकळ आणि चहूबाजूंनी बंद असतो. आपण बसतो ते त्याच्या पाठीवर. वरून पाणी आले, तर ते भोकांतून खाली निघून जाते. होडीत पाणी शिरले तर ते उपसावे लागते, इथे पाणीच स्वतःला उपसून घेते. लहानपणी ज्याने फुटक्या डब्याने पाणी उपसले आहे, त्यालाच या युक्तीची थोरवी कळेल.

नंतर तिथल्या पोराने मला एक विचित्र गोष्ट करायला लावली. कमरेएवढ्या पाण्यात त्याने कयाक पालथी केली आणि म्हणाला, ‘‘आता चढा.’’ मी दोनदा घसरलो. तिसऱ्यांदा त्याने सांगितल्याप्रमाणे पाय पाण्याच्या वरच्या थरात मारीत पोट कयाकवर आडवे टाकले, मग कुशीवर वळलो, आणि बसता झालो. कयाकचा काठ पाण्यापासून वीतभरच उंच असतो, म्हणून माझ्यासारख्या सुटलेल्या पोटाच्या माणसालाही हे साधते. त्या वेळी मला या कसरतीचे हसू आले. ती पुढे किती आठवणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

मग मी एकटाच पात्राच्या मध्यापर्यंत गेलो. वाचकहो, ते सुख मी कसे सांगू? होडीत आपण पाण्याच्या वर असतो, इथे पाण्यातच बसल्यासारखे वाटते. वल्ह्याचा आवाज नाही, फक्त पात्यावरून गळणाऱ्या थेंबांचा. एक बगळा हातभर अंतरावर उभा होता. तो उडाला नाही. शेवट्यांची एक झुंड माझ्या मांडीशेजारून गेली. तासाभरात मला माझ्या अडून बसलेल्या कादंबरीचे पुढचे प्रकरण दिसले. परत आलो तो कयाक घ्यायचीच असे ठरवून.

गावी येऊन हा बेत मी प्रथम तांडेलांना सांगितला. आमच्या वाडीत त्यांना सगळे तांडेल म्हणतात, कारण त्यांनी तीस वर्षे दुसऱ्यांच्या बोटींवर तांडेलकी केली. आता पंचाहत्तरी उलटली. गुडघे गेले, पण नजर शाबूत आहे. खाडीतल्या कोणत्या खडपाच्या आड कोणत्या महिन्यात चोणक बसतो, ते त्यांना आपल्या घरातल्या कोनाड्यांसारखे पाठ आहे. वडिलांच्या पश्चात खाडीचे जे काही ज्ञान मला मिळाले, ते त्यांच्याच होडीत बसून.

त्यांनी चित्र बराच वेळ पाहिले. उलटसुलट करून पाहिले. मग विचारले,

‘‘मास्तरानू, ह्येच्यात तुमी बसतल्यात. मगे मिया खय बसू?’’

मी काहीतरी बोललो. आपण वेगळे येऊ, तुमची होडी आहेच, असे काहीसे. पण त्यांची होडी आता त्यांच्याने एकट्याने ढकलवत नव्हती, हे मला ठाऊक होते, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होते.

तांडेल मात्र रागावणारे नव्हेत. त्यांनी कयाकची परीक्षा एखाद्या पंचासारखी घेतली. ‘‘पाग खयसून टाकतल्यात?’’ त्यांचा पहिला प्रश्न. पाग, म्हणजे कडेला शिशाच्या मण्या लावलेले फेकायचे गोल जाळे, फेकायला माणूस उभा हवा. कमरेत पिळा देऊन ते फिरवले तरच पाण्यावर ताटासारखे उघडते. बसून फेकलेला पाग पिशवीसारखा पडतो. कयाकवर उभे राहणारेही असतात म्हणे, पण ते मी नव्हे. दुसरा प्रश्न वाऱ्याचा. आमच्याकडे सकाळी जमिनीवरून मतलई वाहतो आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा उठतो. मतलई आणि ओहोटी एका वेळी आली, की हलकी वस्तू पानासारखी मुखाकडे ओढली जाते. वजनाला वजन लागते, नांगर लागतो. तिसरा प्रश्न चिखलाचा. आणि इथे मात्र कयाकने बाजी मारली. ओहोटीला होडी चिखलात रुतली, की पुढची भरती येईपर्यंत सहा तास बसून राहा. कयाक चार बोटे पाण्यातही चालते, आणि तेही नसले तर दोरीला धरून ओढत आणता येते. ‘‘ह्यां खरां,’’ तांडेलांनी कबूल केले.

खर्चाचा हिशेब मांडला, तर दोन्ही पारडी सारखीच. मला सांगितलेली कयाकची किंमत आणि आमच्या सुताराने सांगितलेली लहान होडीची किंमत यांत फार अंतर नव्हते. पण होडीचा खर्च घेतल्यावर सुरू होतो. दर पावसाळ्याआधी ती वर ओढा, खरवडा, सांध्यांत कापूस भरा, काजूच्या टरफलांचे तेल पाजा. शिवाय कागदपत्रे. मासेमारीच्या नौकांसाठी महाराष्ट्राचा कायदा १९८१ सालचा आहे, आणि त्याखाली परवाना लागतो. शाळामास्तरला कागदांची भीती नसते, कंटाळा असतो. एका बाजूला पिवळीधमक, कुणाचे काही न मागणारी कयाक, आणि दुसऱ्या बाजूला म्हाताऱ्या आईसारखी सतत काही ना काही लागणारी होडी. महिनाभर मी रोज सकाळी कयाक घेत होतो आणि रोज संध्याकाळी होडी.

फेब्रुवारीत सहावीच्या भूगोलात ध्रुवप्रदेशांची माहिती सांगत होतो. डोक्यात कयाक होतीच. मी पाठ बाजूला ठेवून मुलांना तिचीच गोष्ट सांगू लागलो. ही नाव मुळात इनुइट लोकांची. ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंतच्या बर्फाळ किनाऱ्यांवर त्यांची वस्ती. तिथे झाडे नाहीत. समुद्राने वाहून आणलेले ओंडके आणि हाडे यांचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचे कातडे शिवून चढवायचे. ज्याची नाव त्याच्याच अंगाच्या मापाने ती बांधायची, अंगरख्यासारखी. त्यात बसून शिकारी एकटा सीलच्या मागे जायचा. त्यांची नाव वरून झाकलेली, माणूस तिच्यात कमरेपर्यंत बसलेला. ती उलटली तर तो बाहेर पडत नसे. वल्ह्याच्या एका फटक्याने नावेसकट पुन्हा सरळ होई. त्या पाण्यात पोहण्याची सोयच नव्हती, इतके ते थंड.

मुले तोंड उघडे टाकून ऐकत होती. मागच्या बाकावरची एक मुलगी, बापाचे मचवे असलेली, उठून उभी राहिली.

‘‘गुरुजी, मग त्याची बायको-पोरां कशातून जायत?’’

मला उत्तर ठाऊक नव्हते. ‘उद्या सांगतो,’ असे म्हटले. शिक्षकाच्या पेशातले हे सर्वांत उपयोगी वाक्य आहे. घरी येऊन शोधले, आणि उत्तर सापडले. त्या लोकांकडे दुसरीही एक नाव होती: उमियाक. तीही कातड्याचीच, पण मोठी, उघडी, सपाट तळाची. बायका, मुले, म्हातारी माणसे, कुत्री, तंबू, भांडी असा सगळा संसार तिच्यातून जायचा. ग्रीनलंडमध्ये ती बहुधा बायकाच वल्हवीत. म्हणून तिला बायकांची नाव असेच म्हणत. ऋतू बदलला की मुक्काम हलायचा. मग मधोमध उमियाक आणि तिच्या अवतीभवती पुरुषांच्या कयाका, असा तो तांडा किनाऱ्याकिनाऱ्याने निघायचा.

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितले. मुलगी समाधानाने खाली बसली. मी मात्र अस्वस्थ झालो. तो एकटा शिकारी माझ्या डोळ्यांपुढे होता तोवर सगळे सोपे होते. आता त्याच्या मागून ती मोठी नाव येताना दिसू लागली.

इतके दिवस मी सगळ्यांना विचारत होतो. हिला विचारले नव्हते. त्याला कारण होते. बावीस वर्षांपूर्वी, आमच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या भाद्रपदात, गणपती बोळवल्यानंतर चारच दिवसांनी हिचा थोरला भाऊ खाडीत गेला तो परत आला नाही. एकटाच गेला होता. समुद्र शांत होता. संध्याकाळी त्याची होडी मुखापाशी वाहताना सापडली. सरळच्या सरळ, कोरडी. आत गळाची दोरी आणि फडक्यात बांधलेली भाकरी तशीच. ही त्या दिवसापासून कधीही होडीत बसलेली नाही. पलीकडच्या तीरावर तिच्या मावशीचे घर आहे, समोर दिसते. ती तिथे जाते ती गाडीने, लांबचा वळसा घालून. या विषयावर आम्ही बोलत नाही. बोलत नाही म्हणजे तो विषय नाही असे नव्हे.

मार्चच्या एका रविवारी तांडेलांच्या होडीतून आम्ही दोघे गेलो. त्या दिवशी चतुर्थी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हा आमच्याकडचा जुना हिशेब, इकडेतिकडे थोडे. चतुर्थीला तीन. तीनपर्यंत भरती आम्हांला वर घेऊन जाणार आणि मग ओहोटी परत आणून सोडणार. मी वल्हे मारत होतो आणि तांडेल मागे बसून दिशा सांगत होते. त्यांच्या होडीच्या मागच्या बाजूला एक जाड दोर बांधलेला असतो. त्याच्या टोकाला फास, तो पाण्यात हातभर खाली लोंबतो. लहानपणापासून नाही, पण बरीच वर्षे मी तो पाहत होतो, आणि होडी बांधून ठेवायचा असेल असे समजत होतो. त्या दिवशी सहज म्हटले, ‘‘हा दोर फुकटचा पाण्यात कशाला कुजवता?’’

तांडेल बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले,

‘‘तुमच्या मेव्हण्याची होडी मियाच ओढून हाडलंय ना? ताज्या तेलावर भायरसून बोटां उठलेली. पडलो तो, नि चढूक बघल्यान. होडी कलता, माणूस चढना नाय. वर घेवक दुसरो व्हयो. नायतर पायाक आधार व्हयो. ह्यो दोर तेवापासून आसा.’’

माझे वल्हे थांबले. तारकर्लीच्या कमरेएवढ्या पाण्यातली माझी कसरत मला आठवली. कयाकचा काठ वीतभर, होडीचा काठ दीड-दोन हात. भिजलेल्या कपड्यांनी, दमलेल्या हातांनी, एकट्या माणसाने तो चढायचा! ज्या होडीला मी इतके दिवस सुरक्षित आणि ज्या कयाकला खेळणे समजत होतो, त्यांची आता अदलाबदल झाली. एकट्या माणसासाठी कयाकच बरी. पण दोघे असले, तर होडीसारखी दुसरी गोष्ट नाही; कारण एक पडला तर दुसऱ्याचा हात आहे. म्हणजे प्रश्न नावेचा नव्हताच. किती जण जाणार, हा होता.

‘‘हे तुम्ही घरी कधी सांगितलं नाहीत,’’ मी म्हटले.

‘‘वयनीक काय सांगतलंय? सांगून भाव येतलो?’’

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी हिला विचारले, ‘‘काय घेऊ? कयाक की होडी?’’ दोराचे काही बोललो नाही. मी तिला दोन्हींचे गुणदोष समजावू लागलो, शाळेत समजावतो तसे, बोटांवर मोजत. ती ताटे उचलत होती. मध्येच म्हणाली,

‘‘अहो, एकटे जाणार आहात की कुणाला घेऊन?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘एकटे जाणार असाल तर ती भाच्यानं सांगितलेली घ्या. तिच्यावर चढता येतं म्हणालात ना?’’ ती ताटे घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, ‘‘दादाला वर घ्यायला कुणी नव्हतं.’’

तिला ठाऊक होते. बावीस वर्षे ठाऊक होते. कुणी सांगितले, की तिने स्वतः ती होडी पाहिली होती, हे मी विचारले नाही. तांडेल तिच्यापासून लपवत होते, मी त्या दिवसापुरता लपवत होतो, आणि ती आम्हा सगळ्यांपासून लपवत आली होती. एका घरात, एका ओटीवर, एवढी वर्षे.

मी होडी सांगितली.

सुताराने ती चैत्रात धरली आणि जूनच्या तोंडावर दिली. बारा फूट लांब, तळाला रुंद, फणसाच्या फळ्यांची. वडिलांच्या होडीपेक्षा दोन वितींनी मोठी. तांडेल रोज काठी टेकत जाऊन बसत आणि सुताराचे डोके खात. तोंडावर पावसाळा आला, म्हणून ती तशीच शाकारलेल्या पडवीत राहिली. १ जून ते ३१ जुलै आमच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते; बिनयंत्राच्या होड्यांना ती नसली, तरी त्या दिवसांत मुखाकडे जाण्याचे धाडस जाणता माणूस करीत नाही. पडवीत बसून मी होडीला तेल पाजत राहिलो. कादंबरीचे ते प्रकरणही तिथेच, होडीला टेकून लिहून झाले. मला वाटत होते तेवढी शांतता त्याला लागली नाही.

नारळी पौर्णिमेला आम्ही होडी पाण्यात घातली. बंदरावर सगळा गाव जमलेला. हिने नाळेवर हळदकुंकू लावले, फुले वाहिली, सोन्याचा वर्ख लावलेला नारळ माझ्या हाती दिला. तांडेल आधीच मागच्या जागेवर जाऊन बसले होते. त्यांना दोघांनी उचलून चढवले, आणि त्यांनी त्या दोघांनाही शिव्या दिल्या. मी वल्हे घेतले. तेवढ्यात तांडेल हिच्याकडे पाहून म्हणाले,

‘‘वयनीनू, बसतास?’’

काठावरच्या बायका गप्प झाल्या. गावात सगळ्यांना ठाऊक होते. ही बराच वेळ पाण्याकडे पाहत उभी राहिली. मग मला म्हणाली, ‘‘तो दोर कुठे आहे?’’

मी मागच्या बाजूला बोट दाखवले. नवा कोरा दोर, तांडेलांनी स्वतः वळून, फास घालून बांधलेला. ती घोट्याएवढ्या पाण्यातून होडीच्या मागे गेली. वाकून तिने तो दोर दोन्ही हातांनी धरला आणि जोराने ओढून पाहिला. एकदा, पुन्हा एकदा. फासात पाय घालून वजन टाकून पाहिले. होडी जराशी मागे दबली, पण दोर सुटला नाही. मग लुगड्याचा ओचा सावरून ती आत आली आणि मधल्या फळीवर बसली. कुणी काही बोलले नाही. आम्ही पात्राच्या मध्यापर्यंत गेलो, नारळ सोडला, आणि परत आलो. अर्धा तास लागला असेल. एवढ्या वेळात ती एकच वाक्य बोलली: ‘‘मावशीचं घर इथून किती जवळ दिसतं!’’

आता दर रविवारी आम्ही जातो. तांडेल मागे, मी वल्ह्यावर. ही कधी येते, कधी येत नाही. तांडेल अखंड बोलतात. शांतता म्हणून जी काही मला हवी होती, ती मिळालेली नाही, हे कबूल केले पाहिजे. पागात चोणक आजवर एकदाच आला, आणि तोही तांडेलांच्या मते लहान. होडीच्या एका सांध्यातून पाणी येते. मी ते डब्याने उपसतो, चाळीस वर्षांपूर्वी उपसत होतो तसेच. कयाकची ओढ गेली आहे असेही नाही. पहाटे खाडीवर धुके असते, तेव्हा ती पिवळी वस्तू, वल्ह्यावरून गळणारे थेंब आणि न उडालेला तो बगळा मला आठवतात.

परवा भाच्याचा फोन आला. त्याने स्वतःसाठीच कयाक घेतली आहे आणि दिवाळीला गाडीच्या टपावर बांधून तो ती गावी आणणार आहे. ‘‘मामा, पहिली फेरी तुमची!’’ मी हिच्याकडे पाहिले. ती फराळाचे भाजणीचे पीठ चाळत होती.

‘‘जा की,’’ ती म्हणाली. ‘‘आम्ही होडीतून मागे असूच.’’

मग चाळणी थांबवून तिने विचारले, ‘‘भाऊबिजेला संध्याकाळी पाणी कसं असेल?’’

भाऊ नसलेल्या बायका भाऊबिजेला चंद्राला ओवाळतात. ही बावीस वर्षे अंगणात उभी राहून ओवाळते. द्वितीयेची कोर ती केवढी, आणि मावळतेही लवकर. माडांच्या आड ती नीट दिसतसुद्धा नाही. खाडीच्या मध्यावरून मात्र मुखाकडचे आभाळ मोकळे असते.

मी हिशेब केला. द्वितीया, दोनाचे पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडला भरती, आणि दिवेलागणीला ओहोटी चांगली लागलेली. ओढ मुखाकडे असेल. नांगर टाकून बसावे लागेल.

‘‘टाकू,’’ मी म्हटले.